साऊ माऊ पिंग: एकाच वसाहतीवर दोनदा कोसळलेला भराव

हाँगकाँगच्या कौलून भागात, क्वुन टाँगच्या वरच्या डोंगराळ पट्ट्यात साऊ माऊ पिंग ही सरकारी गृहवसाहत आहे. १८ जून १९७२ रोजी या वसाहतीजवळ रस्त्याचा भराव कोसळून ७१ माणसे दगावली. चार वर्षांनी, २५ ऑगस्ट १९७६ रोजी, याच वसाहतीत भरावाचे चार उतार एकाच सकाळी ढासळले आणि त्यांपैकी एकाचा चिखल राहत्या इमारतीत शिरून १८ माणसे गेली. दोन्ही वेळा माती एकाच जातीची होती, भराव टाकण्याची पद्धत एकच होती आणि निमित्तही एकच, म्हणजे लागून राहिलेला पाऊस. पहिल्या घटनेची रीतसर न्यायिक चौकशी झाली होती. तरीही दुसरी घटना घडली, आणि या प्रकरणाचा अभ्यास करायचा तो त्यासाठीच. उतार उभा कसा दिसतो, त्याच्या अंगावर काय उगवले आहे, तो किती वर्षे टिकला आहे, या तिन्ही गोष्टींवरून भरावाबद्दल काहीच कळत नाही. कळते ते त्याच्या पोटातली माती किती दाबून बसवली आहे हे मोजल्यावर. १९७६ पूर्वी ते मोजून त्यावर उपाय झाला नव्हता.

जागा, माती आणि भराव

हाँगकाँगमध्ये सपाट जमीन मुळातच थोडी आहे. २५ डिसेंबर १९५३ च्या रात्री शेक किप मेई येथील झोपड्यांना आग लागून सुमारे ५३,००० लोक बेघर झाले, आणि त्यानंतर सरकारने सामूहिक निवाऱ्यांचे बांधकाम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. पुढच्या दोन दशकांत डोंगर कापून सपाट टप्पे काढायचे, कापलेली माती शेजारच्या घळीत ढकलून आणखी एक टप्पा तयार करायचा आणि दोन्हींवर इमारती उभ्या करायच्या, हा शिरस्ता पडला. साऊ माऊ पिंगची वसाहत साठच्या दशकात अशीच आकाराला आली.

येथील खडक ग्रॅनाइटचा आहे. उष्ण आणि दमट हवेत ग्रॅनाइटमधल्या फेल्डस्पार या खनिजाची हळूहळू चिकणमाती होते आणि क्वार्ट्झ या कठीण खनिजाचे कण तसेच राहतात. हे विदारण, म्हणजे खडकाचे असे कुजत जाणे, काही ठिकाणी दहा मीटरांच्या कितीतरी पुढे, खोलवर गेलेले असते. असा विदारित ग्रॅनाइट जागेवर असताना मूळ खडकाची घडण टिकवून असतो आणि बऱ्यापैकी उभी कटाईही सहन करतो, पण हातात घेऊन चोळला तर त्याची रेवट, गाळमिश्रित माती होते. डोंगरावरून कापून घळीत टाकली की या मातीची ती जुनी घडणही मोडते आणि उरतो तो सैल ढीग. वर्षाला सुमारे २,४०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक मे ते सप्टेंबर या महिन्यांत, बऱ्याचदा वादळांच्या पाठोपाठ, थोड्याच दिवसांत कोसळतो.

भराव टाकण्याची पद्धत नीट समजून घ्यायला हवी, कारण सगळे प्रकरण तिच्यावर उभे आहे. डंपर टप्प्याच्या काठापर्यंत यायचा, मागचा हौदा उचलून माती कडेवरून खाली सोडायचा आणि उरलेली माती बुलडोझर पुढे लोटायचा. खाली घसरणारी माती स्वतःच्या स्वाभाविक कोनात थांबायची. असा उतार साधारणपणे दीड मीटर आडवा आणि एक मीटर उभा, म्हणजे जवळपास ३४ अंशांचा, बनत असे. या पद्धतीत दोन गोष्टी आपोआप घडतात. एक म्हणजे मातीचे थर आडवे न बसता उताराला समांतर, बाहेरच्या बाजूला झुकलेले बसतात. दुसरी म्हणजे गाड्यांच्या चाकांखाली जी काही दबाई होते ती वरच्या सपाट टप्प्याचीच. उताराच्या तोंडाकडच्या मातीवरून रोलर एकदाही फिरलेला नसतो. परिणामी बाहेरून रेखीव दिसणाऱ्या उताराचा सर्वांत बाहेरचा, म्हणजे पावसाला सर्वांत आधी भिडणारा भागच सर्वांत सैल राहतो.

त्या काळच्या कामकाजात याला कोणी निष्काळजीपणा म्हणत नसे, हेही लक्षात घेतले पाहिजे. माती आपल्या कोनात स्थिरावली, एक-दोन पावसाळे गेले, वर गवत आले, की उतार 'बसला' असे मानले जाई. वसाहतीत राहायला आलेल्या कुटुंबांनाही तो डोंगराचाच भाग वाटत असणार.

१९७२ आणि १९७६

१६ ते १८ जून १९७२ या तीन दिवसांत हाँगकाँगच्या वेधशाळेत सुमारे ६५० मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास साऊ माऊ पिंग रस्त्याचा सुमारे ४० मीटर उंचीचा भराव सुटला आणि पायथ्याशी असलेल्या परवानाधारक झोपड्यांवरून चिखलाचा लोंढा गेला. त्याच रात्री हाँगकाँग बेटावरच्या पो शान रोडवर दुसरी दरड कोसळली, तिने एक बहुमजली निवासी इमारत पाडली आणि ६७ माणसांचा बळी घेतला. एका दिवसात दोन ठिकाणी मिळून १३८ मृत्यू झाले.

या दोन घटना कायम एकत्र सांगितल्या जातात आणि तारखेच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. मातीच्या दृष्टीने मात्र त्यांना एका दावणीला बांधल्याने गोंधळ झाला असे माझे मत आहे. पो शान रोडची दरड नैसर्गिक डोंगरउतारावरची होती, तिथे पायथ्याशी बांधकामासाठी खोदकाम चालू होते आणि आधीपासून हालचालीची चिन्हे दिसत होती. अशा घटनेतून निघणारा निष्कर्ष म्हणजे खोदकामावर नियंत्रण ठेवा, आधाराशिवाय पायथा कापू नका. साऊ माऊ पिंगला कोणी पायथा खोदत नव्हते. तिथे वर्षानुवर्षे निमूट उभा असलेला भराव पावसाने भिजला आणि वाहून आला. खोदकामाचा दोष डोळ्यांना दिसतो आणि त्यावर नियम करता येतो. सैल भरावाचा दोष न दिसणारा आहे आणि तो अशा कित्येक जागी आधीच घालून ठेवलेला होता.

२५ ऑगस्ट १९७६ रोजी एलेन या उष्णकटिबंधीय वादळाबरोबर आलेल्या मुसळधार पावसात सकाळी दहाच्या सुमारास वसाहतीतले भरावाचे चार उतार ढासळले. त्यांतल्या एकाच्या पायथ्याशी नऊ क्रमांकाची इमारत होती. चिखल तिच्या तळमजल्यावरच्या खोल्यांत शिरला. १८ माणसे मरण पावली आणि २४ जखमी झाली. इमारत पडली नाही. तिच्या खांबांना आणि पायाला या घटनेत दोष देण्यासारखे काही नव्हते. माणसे गेली ती उताराकडे तोंड करून असलेल्या तळमजल्यावर ती राहत होती म्हणून.

मातीच्या आत काय घडते

सैल भराव कोरड्या दिवसांत उभा राहतो तो अर्धवट ओल्या मातीतल्या शोषणामुळे. कणांच्या सांध्यांत अडकलेल्या थोड्या पाण्याचा पृष्ठताण कणांना एकमेकांकडे ओढून धरतो; समुद्रकाठच्या ओल्या वाळूचा किल्ला ज्या बळावर उभा राहतो तेच हे बळ. माती पुरती भिजली की पृष्ठताण नाहीसा होतो आणि उताराला उरतो तो केवळ कणांमधल्या घर्षणाचा आधार.

हा आधार किती असतो ते एका साध्या हिशेबाने दिसते. उताराला समांतर, उथळ थर घसरतो असे धरले, शोषण संपले आणि मातीत पाण्याचा दाब मात्र अजून चढलेला नाही असे मानले, तर सुरक्षा गुणांक (उताराची ताकद त्याला खाली ओढणाऱ्या बळाच्या किती पट आहे ते) म्हणजे घर्षणकोनाच्या (कणांमधले घर्षण दाखवणाऱ्या कोनाच्या) टॅनला उतारकोनाच्या टॅनने भागून येणारी संख्या. उदाहरणादाखल घर्षणकोन ३६ अंश आणि उतार ३४ अंशांच्या किंचित आत धरला तर उत्तर सुमारे १.१ येते. म्हणजे पाऊस पडत असताना, अजून काहीही बिघडलेले नसताना, उतार आपल्या ताकदीच्या काठावर उभा असतो. त्यात छिद्रांतल्या पाण्याचा दाब जरासा वाढला की हा आकडा एकच्या खाली जातो.

दुसरा प्रश्न असा की पाणी किती खोल आणि किती वेळात पोहोचते. हाँगकाँग विद्यापीठातले मृदा-अभियंता पीटर लंब यांनी यासाठी मांडलेले समीकरण साधे आहे: ओलाव्याची आघाडी किती खोल गेली हे काढण्यासाठी मातीची पारगम्यता (तिच्यातून पाणी किती वेगाने जाते ते) आणि पावसाचा काळ यांचा गुणाकार करायचा आणि त्याला सच्छिद्रता (मातीतल्या पोकळ जागेचे प्रमाण) व संपृक्ततेतील (त्या पोकळ जागेचा किती भाग पाण्याने भरला आहे त्यातील) वाढ यांच्या गुणाकाराने भागायचे. समजा, सैल मातीची पारगम्यता सेकंदाला मीटरचा एक लाखावा भाग आहे, निम्म्यापेक्षा थोडी कमी, म्हणजे ४५ टक्के जागा पोकळ आहे आणि त्या पोकळ जागेतले पाणी ६० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर जायचे आहे. तर ओलावा तासाला सुमारे २७ सेंटिमीटर खाली उतरतो आणि तीन मीटर खोली साधारण अकरा तासांत गाठतो. त्यासाठी लागणारे पाणी सुमारे ४०० मिलिमीटर. १९७२ च्या तीन दिवसांच्या पावसाहून हे पुष्कळच कमी आहे, आणि पावसातले काही पाणी वाहून जाते हे धरले तरी हिशेब फार बदलत नाही. हीच माती चांगली दाबून बसवली, पारगम्यता दहा पटींनी आणि सच्छिद्रता सुमारे ३३ टक्क्यांपर्यंत खाली आणली, संपृक्ततेतली वाढ २० टक्के धरली, तर तीच खोली गाठायला दोन दिवसांहून अधिक काळ अखंड पाऊस पडावा लागतो. हे आकडे साऊ माऊ पिंगच्या मातीवर मोजलेले नाहीत, केवळ प्रमाण समजावे म्हणून घेतलेले आहेत. पण दबाईचा परिणाम किती दांडगा असतो ते त्यांतून कळते.

एवढ्याने घसरण समजते, वाहून जाणे समजत नाही. अनेक उतार पावसात थोडे खचतात, तडे जातात, फुगतात आणि थांबतात. साऊ माऊ पिंगचा भराव मात्र पातळ चिखल होऊन धावत खाली आला, आणि त्याचे कारणही सैलपणातच आहे. दाट बसलेल्या मातीला कातरण्याचा प्रयत्न केला तर कण एकमेकांवर चढतात, आकारमान वाढू पाहते, पोकळ्यांत पाणी ओढले जाते आणि माती क्षणभर अधिकच घट्ट होते. घसरण स्वतःला लगाम घालते. सैल मातीत उलटे घडते. कातरताना कण रिकाम्या जागांत कोसळू पाहतात, पण त्या जागा पाण्याने भरलेल्या असतात आणि पाण्याला इतक्या झटपट बाहेर जायला वाट नसते, त्यामुळे वरचे वजन कणांऐवजी पाण्यावर येते. कणांचा परस्परांवरचा दाब जवळपास संपतो आणि सगळा थर द्रवासारखा वाहू लागतो. भूकंपाच्या हादऱ्यात होणाऱ्या द्रवीभवनाचाच हा प्रकार, फक्त इथे हादरा लागत नाही. हे सारे अगदी थोड्या वेळात घडते. म्हणून अशा भरावाबाबत 'तडा दिसला की माणसे हलवू' ही योजना कामाची नाही. तडा आणि लोंढा यांत माणसे हलवण्याइतका अवधी मिळेल याची शाश्वती नसते.

तज्ज्ञांचे मंडळ आणि घनतेची चाचणी

१९७६ च्या घटनेनंतर सरकारने भरावाच्या उतारांसाठी स्वतंत्र तज्ज्ञ मंडळ नेमले. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे जॉन निल अध्यक्ष होते. सदस्यांत पीटर लंब यांच्याबरोबर कॅनडाचे नॉर्बर्ट मॉर्गेनस्टर्न आणि ब्राझीलचे व्हिक्टर डी मेलो यांसारखे जगभर मान असलेले मृदा-अभियंते होते. मंडळाच्या कामाचा गाभा म्हणजे भरावातली माती जागेवर किती घट्ट आहे हे पाहणे.

ही तपासणी कशी होते ते पाहण्यासारखे आहे, कारण तिला महागडी यंत्रे लागत नाहीत. उतारात खड्डा घेऊन हव्या त्या खोलीवर सपाट जागा करतात, तिथे ठरावीक आकाराचे छोटे भोक हाताने काळजीपूर्वक खोदतात आणि निघालेला मातीचा प्रत्येक कण पिशवीत भरून वजन करतात. मग ते भोक एकसारख्या, कोरड्या वाळूने भरतात. वाळूची घनता आधीच माहीत असल्याने किती वाळू लागली त्यावरून भोकाचे आकारमान निघते. मातीतला ओलावा भट्टीत वाळवून वजा केला की कोरडी घनता हाती येते. दुसरीकडे तीच माती प्रयोगशाळेत साच्यात घालून ठरावीक वजनाच्या, ठरावीक उंचीवरून पडणाऱ्या ठोकळ्याने वेगवेगळ्या ओलाव्याला ठोकतात आणि तिची जास्तीत जास्त कोरडी घनता काढतात. हीच प्रॉक्टर चाचणी. जागेवरची घनता या कमाल घनतेच्या किती टक्के भरते, हा एक आकडा भरावाची सगळी कुंडली सांगतो. साऊ माऊ पिंगच्या उतारांत तो बाहेरच्या भागात सरळसरळ अपुरा निघाला.

मंडळाची मुख्य शिफारस नेमकी होती: अशा उतारांची बाहेरची सैल माती उभ्या मापाने किमान तीन मीटर खोलीपर्यंत काढावी, ती कमाल कोरड्या घनतेच्या किमान ९५ टक्के इतकी दाबून पुन्हा बसवावी आणि तिच्या मागे पाण्याच्या निचऱ्याची सोय करावी. संपूर्ण भराव उपसून नव्याने घालण्याची सूचना मंडळाने केली नाही. ओलाव्याची आघाडी मुख्यतः या बाहेरच्या पट्ट्यातच फिरते, तो पट्टा दाट केला तर पाणी आत शिरणे मंदावते आणि भिजला तरी तो द्रव होत नाही, हा त्यामागचा विचार. आत सैल माती तशीच राहते. तिच्यावर एक जाड, घट्ट साल चढवली जाते एवढेच. स्थापत्य अभियांत्रिकीत थोडक्यात भागवलेल्या उपायांकडे संशयाने पाहायची मला सवय आहे, पण इथे थोडक्यात भागवणेच शहाणपणाचे होते. शेकडो उतार पुरते उपसायचे ठरले असते तर काम अनेक पावसाळे रखडले असते, आणि अर्धवट उपसलेला उतार मूळ उतारापेक्षा धोकादायक असतो.

मातीत पाणी मुरून भराव सुटला हे १९७२ च्या चौकशीतही पुढे आले होते. त्यामुळे १९७६ च्या मंडळाने नवे कारण शोधले असे म्हणता येत नाही. नवे होते ते कारणाला एक मोजता येणारा आकडा जोडणे आणि तो आकडा प्रत्येक उताराला लावून पाहणे. 'पावसाने भराव ढासळला' हे वाक्य ढासळलेल्या भरावापुरते राहते. '९५ टक्क्यांच्या खाली असलेला प्रत्येक भराव तपासा' हे वाक्य शेजारच्या, अजून उभ्या असलेल्या उतारापर्यंत जाते.

साल चढवण्याचे काम

प्रत्यक्ष कामात कोरडा हंगाम हाच खरा मालक असतो. उतार एकदम सगळा न उघडता पट्ट्यापट्ट्यांनी उघडतात, कारण तोंडाकडची माती काढली की मागची सैल माती उघडी पडते आणि अवकाळी सरही पुरेशी ठरू शकते. जुना उतार पायऱ्यांसारखा कापून घेतात, म्हणजे नवी माती जुन्या मातीत अडकून बसते, नुसती तिच्यावर टेकत नाही. तळाशी आणि मागच्या बाजूला खडी व गाळणीच्या थराचा निचरा-पट्टा घालतात. मागच्या सैल भरावात कुठूनही पाणी आले तर ते साचून दाब न करता या पट्ट्यातून पायथ्याच्या गटारात पडावे हा हेतू. त्यानंतर माती आडव्या, पातळ थरांत पसरायची, ओलावा योग्य आहे का ते पाहायचे, रोलर फिरवायचा, वाळूची चाचणी घ्यायची आणि उत्तीर्ण झाली तरच पुढचा थर टाकायचा. काठाशी रोलर जात नाही, म्हणून भराव आखलेल्या रेषेच्या थोडा बाहेर घेऊन मागाहून छाटतात. ही छाटणी टाळली तर कडेला पुन्हा तीच सैल माती राहते आणि सगळा खटाटोप नेमका जिथे हवा होता तिथेच फुकट जातो.

वरच्या पाण्याची व्यवस्था यापेक्षा कमी महत्त्वाची नाही. माथ्यावर अडवणारे गटार, उतारावर साधारण साडेसात मीटर उंचीच्या अंतराने आडवे टप्पे आणि प्रत्येक टप्प्यावर गटार, त्यांना खाली आणणारी पायऱ्यांची नाली आणि वळणांवर गाळ अडवणारी कुंडी, असा हाँगकाँगमधल्या उतारांचा परिचित आराखडा आहे. उघड्या पृष्ठभागावर गवत लावतात किंवा, जुन्या कटाईच्या उतारांवर पूर्वी सर्रास करत तसा, चुना, सिमेंट आणि माती यांचा गिलावा मारतात. गिलाव्याबद्दल एक सावधगिरी आवश्यक आहे. तो अखंड असेपर्यंत पाणी अडवतो. तडा गेला की पाणी आत घेतो आणि बाहेर पडू देत नाही. शिवाय त्याच्याआड माती काय करते आहे ते दिसत नाही.

पुढे झाडांचा प्रश्न आला. जुन्या भरावांवर मोठी झाडे वाढलेली होती आणि तीन मीटर माती काढायची म्हणजे ती सगळी तोडायची. म्हणून काही ठिकाणी माती न काढता उतारात आडवी भोके पाडून पोलादी सळया सिमेंटच्या द्रावणात बसवण्याचा आणि त्यांची टोके पृष्ठभागावर काँक्रीटच्या जाळीने जोडण्याचा मार्ग घेतला जाऊ लागला. सैल मातीत हे 'सॉइल नेलिंग' चालेल का यावर बरीच वर्षे शंका होती, कारण माती सळीभोवतीच द्रव झाली तर सळी धरणार कशाला? जाळीमुळे पृष्ठभाग एकसंध राहतो आणि सळया आतल्या पक्क्या थरापर्यंत नेल्या की ओढ तिथे उतरते, असे त्याचे उत्तर आहे.

इमारतीच्या बाजूने

नऊ क्रमांकाच्या इमारतीचा अनुभव सांगतो की उताराखालच्या इमारतीचे रक्षण म्हणजे केवळ तिचा पाया राखणे नव्हे. वाहता चिखल सर्वांत खालच्या, उताराकडच्या दारा-खिडक्यांतून आत येतो. नव्या आखणीत त्या बाजूला अंतर सोडणे, तळमजल्यावर झोपायच्या खोल्या न ठेवणे आणि शक्य असेल तिथे उताराच्या पायथ्याशी चिखल अडवणारी भिंत घेणे हे मार्ग उपलब्ध असतात. जुन्या इमारतीत एवढे जमत नसेल तेव्हा खोल्यांचा वापर बदलणे तरी जमते.

दुसरी गोष्ट इमारतीच्या स्वतःच्या पाण्याची. २३ जुलै १९९४ रोजी हाँगकाँगच्या क्वुन लुंग लाऊ वसाहतीत दगडी संरक्षक भिंत कोसळून पाच माणसे मरण पावली. भिंतीमागच्या जमिनीत गाडलेल्या सांडपाण्याच्या आणि पावसाच्या पाण्याच्या सदोष वाहिन्यांतून होणारी गळती हे तिथले मोठे कारण होते, आणि भिंतही अपेक्षेपेक्षा बारीक निघाली. अशी गळती वरून दिसत नाही आणि पाऊस थांबल्यावरही ती थांबेलच असे नाही. साऊ माऊ पिंगच्या धर्तीवर दुरुस्त केलेल्या भरावालाही हा धोका लागू आहे, कारण घट्ट साल वरून येणाऱ्या पाण्यासाठी आहे. मागून, फुटलेल्या पाइपमधून येणाऱ्या पाण्याला ती उलट कोंडून धरू शकते. मागच्या निचरा-पट्ट्याचे तोंड बुजलेले आहे की मोकळे, हे म्हणून दर पावसाळ्याआधी पाहायचे असते.

हे पाहायचे कोणी, हा प्रश्न हाँगकाँगने १९७७ मध्ये सोडवला. मंडळाच्या शिफारशीनुसार भूतांत्रिक नियंत्रणासाठी मध्यवर्ती कार्यालय स्थापन झाले आणि त्याच वर्षी दरडींचा इशारा देण्याची व्यवस्था सुरू झाली. माणसाने घडवलेल्या उतारांची पहिली यादी सुमारे १०,००० नोंदींची होती. क्वुन लुंग लाऊनंतर नव्याने केलेल्या यादीत, १९९८ पर्यंत, सुमारे ५४,००० उतार आणि भिंती निघाल्या. प्रत्येकाला क्रमांक आणि देखभालीचा जबाबदार मालक ठरवून दिला. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी साधी पाहणी, गटारांतला गाळ काढणे, तडे बुजवणे, आणि साधारण दर पाच वर्षांनी अभियंत्याकडून सखोल तपासणी, असा क्रम रुजला. १९७७ नंतर दरडी थांबल्या नाहीत, १९८२ आणि १९९० च्या दशकातही माणसे गेली. पण १८ जून १९७२ सारखा, शंभरावर बळी घेणारा दिवस पुन्हा आला नाही.

पाऊस मात्र १९७६ इतकाच राहिलेला नाही. ७ जून २००८ रोजी हाँगकाँगच्या वेधशाळेत एका तासात १४५.५ मिलिमीटर आणि ७ सप्टेंबर २०२३ च्या रात्री एका तासात १५८.१ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. दाबून बसवलेल्या भरावाच्या दृष्टीने या आकड्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. माती तिच्या पारगम्यतेपेक्षा जास्त वेगाने पाणी पिऊ शकत नाही, त्यामुळे तासाला ५० मिलिमीटर पडला काय आणि १५० पडला काय, घट्ट सालीत मुरणारे पाणी जवळपास तेवढेच असते. वाढतो तो पृष्ठभागावरून धावणारा प्रवाह. मातीची परीक्षा दिवसभर, दोन दिवस चालणारा पाऊस घेतो. एका तासाचा विक्रमी पाऊस परीक्षा घेतो ती माथ्यावरच्या गटाराची, वळणावरच्या कुंडीची आणि पायऱ्यांच्या नालीची. ती ओसंडली तर पाणी उताराचा एखादा पट्टा धुऊन नेते, घट्ट साल तिथे कापली जाते आणि मागची जुनी, सैल माती उघडी पडते. म्हणून जुन्या मापाच्या गटारांची क्षमता नव्या पावसाला पुरेल का हे पुन्हा तपासताना, गटार भरून वाहिलेच तर ते पाणी कोणत्या बाजूने जाईल आणि तिथे कोण राहते, हेही नकाशावर आखून घ्यावे लागते.